दाराचं वचन

प्रिय तावोंगा,

तुझ्या आईनं तुला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत आहे. आजोबांनी मंडळीतलं ज्येष्ठपद सोडलं, वय झालं आता, बाकी सगळं ठीक. मी तिच्या शेजारीच कसावा सोलत बसले होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी खोटं नाही बोलले. वय झालंच आहे." आम्ही दोघी हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण बाबा आतल्या खोलीत जागे होते. घरात सध्या कुणी हसलं की चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच "बरं, मग?" म्हणशील आणि मी सोपा भाग सांगून मोकळी होईन. ती खोड मला जुनी आहे. किती जुनी, तेच सांगायला बसले आहे.

तुझ्या आजोबांना वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. पण पुस्तकावर त्यांचा विश्वास कसा बसला ते पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ते तरुणपणी होड्या बांधत. मंडळीचा एक प्रचारक फुटकी होडी घेऊन किनाऱ्याला लागला, आणि दुरुस्तीच्या बदल्यात त्यानं आपल्या तुंबुका भाषेतलं बायबल त्यांच्या हातात ठेवलं. "यात देव बोलतो," म्हणाला. बाबा म्हणाले, "बघू." त्यांनी मधल्याच एका जागी आंब्याचं पान खुपसलं आणि पुस्तक घेऊन तीन जणांकडे गेले. आपल्या गावचा मास्तर, डोंगरावरच्या कापसाच्या गोदामातला कारकून आणि सरोवरातल्या आगबोटीवरचा तिकीटवाला. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. तिघांनाही त्यांनी एवढंच सांगितलं, "पान आहे तिथून वाचा." तिघांनी एकच वाचलं, शब्दाला शब्द. "माणसाच्या तोंडून निघालेली गोष्ट पुढच्या गावाला पोचेपर्यंत तिला चार पाय आणि एक शेपूट फुटतं," ते सांगायचे. "ह्याला काही फुटलं नाही. मग मी काय करणार? मानलं."

आणि मानलं म्हणजे मानलं. मला आठव्या वर्षी वाचायला बसवलं. तुझी आई तीन वर्षांनी मोठी, पण तिला शाळेचा कंटाळा आणि मला घरकामाचा. सकाळी होड्या परत यायच्या आधी आम्ही ओसरीवर बसायचो. समोर मांडवांवर उसिपाची बारीक मासळी वाळत घातलेली, तिचा वास, कावळ्यांना हाकलणारी तुझी आजी. मी ओळीवरून बोट फिरवत वाचायची आणि बाबांचं बोट माझ्या बोटाच्या मागोमाग यायचं, त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नसताना. "आवाज चढवू नकोस," म्हणायचे. "आहे तेवढंच." वाचून झालं की उठायचे आणि ऐकलेलं करायला जायचे. मळ्याचं कुंपण शेजाऱ्याच्या जमिनीत गेलं होतं, ते उपटून मागे घेतलं. दारूचं मडकं सरोवरात बुडवलं. शेजारच्या न्यालुंगु आजीच्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. ती येता-जाता म्हणायची, "ए पोरी, जपून वाच गं. एखाद्या दिवशी पाण्यावर चाला असं वाचशील आणि गावाचा एकुलता एक होडीवाला बुडेल." सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. पुस्तकातलं एक वाक्य घरात आलं की जाताना काय घेऊन जातं, हे मी दहाव्या वर्षीच पाहिलं होतं. ते पुढे येईल. आत्ताच सांगितलं तर तू मला माफ करून टाकशील, आणि मला ते इतक्या लवकर नको आहे.

मी सोळाची होते, अनेसी एकोणिसाची, आणि तू तिच्या पोटात होतीस. तुझा बाप शाळेत शिकाऊ मास्तर म्हणून आला होता आणि आगबोटीनं निघून गेला, एवढं तुला माहीत आहे. मंडळीनं अनेसीला वर्षभर मागच्या बाकावर बसवायचं ठरवलं, प्रभुभोजन बंद. ते सगळ्यांनाच होतं. घरात काय होणार, हा खरा प्रश्न होता. बाबांचे थोरले भाऊ डोंगरावरून उतरले. तिथल्या एका म्हाताऱ्याला तिसरी बायको हवी होती आणि पोटातल्या पोरासकट न्यायची त्याची तयारी होती. "दुसरं कोण घेणार हिला?" काका म्हणाले. तुझ्या आईचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं. ती त्याच्यावरच बसलेली, पाय लांब करून. चार दिवस बाबा बोलले नव्हते. पाचव्या दिवशी म्हणाले, "मी ठरवत नाही. पुस्तक ठरवेल." आदल्या रविवारी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मोशेच्या पाचव्या पुस्तकात अशा मुलीचं आहे, बाविसाव्या अध्यायात. "तेच काढ," ते मला म्हणाले.

मी काढलं आणि आधी मनात वाचलं. तिथे लिहिलं आहे की अशा मुलीला तिच्या बापाच्या घराच्या दाराशी आणावं आणि गावातल्या पुरुषांनी तिला दगडांनी मारावं, ती मरेपर्यंत. तावोंगा, हे तिथे आहे. मी ते मऊ करून सांगत नाही. मऊ करण्याचं काम मी त्या दिवशी करून बसले आहे. बाबांचं बोट माझ्या बोटाला चिकटलेलं, बरोबर त्या दगडांवर. काका जांभई देत होते. मी वाचलं, "मुलगी चुकली तरी तिला बापाच्या घराच्या दारातून कोणी बाहेर काढू नये, कारण त्या दाराशी परमेश्वर स्वतः उभा असतो." दार पुस्तकातलं होतं. बाकीचं माझं. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा म्हटलं, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ न देता. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग जाळ्यातून एक निळा धागा तोडला आणि त्या पानात ठेवला. उठले, अनेसीला बोचक्यावरून उठवलं, बोचकं आत नेलं. गाठ इतकी घट्ट होती की त्यांनी ती दातांनी सोडवली. बाहेर येऊन भावाला म्हणाले, "जेवून जा."

मग ते वचन आमच्या घरातून चालायला लागलं. बाबा मंडळीत उठून बोलायचे, मयताला बोलायचे, लग्नाच्या बैठकीत बोलायचे. किनाऱ्यावर लोक त्याला 'दाराचं वचन' म्हणायला लागले. न्यालुंगुची नात पोट घेऊन शहरातून परत आली तेव्हा आजीनं आपल्या मुलालाच दम दिला, "तुझ्या दाराशी देव उभा आहे म्हणे. त्याला ओलांडून पोरीला कशी काढतोस ते बघते." जुने पाळक वर्षातून चारदा यायचे. एकदा त्यांनी बाबांच्या तोंडून ते ऐकलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि जाताना एवढंच म्हणाले, "मुली, देव तुझं वाचन सांभाळो." पुस्तकं थोडी, वाचणारे त्याहून थोडे, आणि बाबा, न्योंदो ज्येष्ठ, सांगतायत म्हटल्यावर कोण पान उघडून बघणार? मी स्वतःशी म्हणायची, झाड वाईट असतं तर फळ असं आलं असतं का? पण झोपेतून उठले की आधी तेच आठवायचं. सत्तावीस वर्षांत आम्ही ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नऊ वेळा वाचलं. नऊही वेळा पाचव्या पुस्तकाचा तो अध्याय आला, आणि नऊही वेळा मी माझं वाक्य त्या जागी म्हटलं. बाबांचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. शेवटच्या पानावर बजावलं आहे की या शब्दांत कुणी भर घालू नये, कुणी काढू नये. तेही मी नऊ वेळा वाचलं, आणि ते प्रत्येक वेळी म्हणाले, "आमेन."

तू विचारशील, मग मावशी, तुझा विश्वास होता की नव्हता? होता गं. म्हणून तर भ्यायले. ज्या पुस्तकाला कुणी विचारत नाही त्यातली वाक्यं कोण कशाला बदलेल?

आता नवे पाळक. कायुनी त्यांचं नाव. तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे असतील, भले आहेत, जेवताना कसाव्याच्या पिठाचं चिकट कोंडोवोले हातानं नीट तोडता येत नाही म्हणून बायका त्यांना चिडवतात. मागच्या महिन्यात एका मयताच्या वेळी त्यांनी दाराचं वचन ऐकलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन अंगणात हजर. "न्योंदोबाबा, मला हे वचन उपदेशाला घ्यायचंय. कुठला अध्याय?" बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी मलाच ओरडून पुस्तक आणायला सांगितलं. "धागा आहे तिथे." पाळकांनी उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हातात भाजलेल्या माशांचं ताट घेऊन उभी. "बाबा, आपण हे नंतर बोलू." बाबा भोळे आहेत, खुळे नाहीत. "का? नाही तिथे?" "मला... तसं दिसत नाहीये." "मग तुमचं दिसणं तपासू," बाबा म्हणाले, अगदी प्रेमानं. "रविवारी तीन गावांचे तीन वाचणारे बोलवा. मंडळीसमोर धाग्याच्या जागी उघडून वाचू दे. माझं खोटं निघालं तर मी ज्येष्ठ राहणार नाही." पाळकांनी परोपरीनं सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितके बाबा खूश. त्यांना वाटलं, पुन्हा एकदा पुस्तक जिंकणार आणि या वेळी सगळ्यांदेखत.

मंगळवारी पाळक मी शिकवते त्या शाळेत आले. वर्गाबाहेर उभे राहून म्हणाले, "ताई, हे थांबवा. रविवारी तुमची बहीण पहिल्या बाकावर असेल." मी म्हटलं, सांगते. "कधी?" "आजच." मंगळवारी मी बाबांसमोर जाऊन बसले आणि विचारलं, चहा देऊ का? बुधवारी ते म्हणाले, "तोवेरा, निळा शर्ट इस्त्री कर, तीन गावची माणसं येणार," आणि मी इस्त्रीचे कोळसे पेटवायला उठले. गुरुवारी त्यांनी स्वतःहून मागची गोष्ट काढली, अनेसीचं बोचकं, ती गाठ, आणि हसत आपले उरलेले चार दात दाखवले. त्या चार दातांपुढे माझं तोंड उघडेना. शुक्रवारी मी तुझ्या आईला सांगितलं. ती मासे चिरत होती. चिरतच राहिली. "मला माहीत होतं," म्हणाली. मी म्हटलं, कसं? "मी पुस्तकाकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. वाचताना तू कधी थुंकी गिळत नाहीस. त्या दिवशी गिळलीस." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळी. "माझं बोचकं आत गेलं होतं ना!" थोड्या वेळानं म्हणाली, "तू सांग त्यांना. मी नाही सांगणार. मला त्या वाक्यानं घर दिलंय. मी त्याला खोटं म्हणायला उठणार नाही." शनिवारी बाबांना ताप होता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

रविवारी घंटा म्हणून टांगलेली गाडीच्या चाकाची ती लोखंडी रिम वाजली तेव्हा बाहेर झाडाखालीसुद्धा माणसं उभी होती. बाबा निळ्या शर्टात, पुस्तक चितेंजेच्या कापडात गुंडाळून छातीशी धरलेलं. उपदेश झाला, गाणं झालं. पहिली वाचणारी म्हणजे पलीकडच्या गावच्या दवाखान्यातली नर्स. तिनं भराभर सुरुवात केली आणि दगडांपाशी आल्यावर तिचा आवाज मंद झाला, पण तिनं शेवटपर्यंत वाचलं. लोकांना वाटलं, पान चुकलं. बाबांनी विचारलं, "धागा आहे तिथेच ना, पोरी?" "हो आजोबा." "दुसरे." दुसरा निवृत्त पोलीस. त्यानं आरोप वाचून दाखवावा तसं खणखणीत वाचलं. तेच. शब्दाला शब्द. बाबांचा एक हात व्यासपीठाची कड शोधत होता. मी तिसऱ्या बाकावर होते, आणि उठायचं, उठायचं म्हणत बसूनच राहिले होते. "तिसरे," बाबा म्हणाले. नदीपलीकडच्या शाळेचा म्हातारा मास्तर पुढे आला. त्यानं पान बघितलं. मग पहिल्या बाकावर मंडळीच्या महिला संघाच्या गणवेशात, डोक्याला पांढरा रुमाल बांधून ताठ बसलेल्या तुझ्या आईकडे बघितलं. "माफ करा," म्हणाला, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, "मग तिसरं कोण वाचेल?"

मी गेले. मी वाचलं. आवाज चढवला नाही. बापाच्या घराचं दार, गावातले पुरुष, दगड, मरेपर्यंत. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, आहे तेवढंच. मग मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशीही हेच छापलेलं होतं. दुसरं मी घातलं."

मला वाटलं होतं छप्पर पडेल. कुणीतरी खोकलं, एवढंच. मग न्यालुंगु आजी. नव्वदीची झाली आहे, दोन बायकांनी धरून आणावं लागतं. ती बसल्या जागेवरून ओरडली, "म्हणजे आता माझ्या नातीला घराबाहेर काढू की काय? चार पोरं झालीत तिला! काय ते लवकर सांगा, चूल पेटवायची आहे मला." पाळकांनी बोलायला तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला. "आज नको, पाळक. आज काय लिहिलंय ते ऐकलं. त्याचं काय करायचं ते आज नको." ते पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेनं चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसले, जिथे शिस्तीखालची माणसं बसतात. तुझी आई उठली. गणवेशातल्या बाईनं त्या बाकावर बसायचं नसतं. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. मी तिथेच उभी, हातात उघडं पुस्तक.

घरी ते माझ्या हातचं जेवले. मला वाटलं होतं ताट सरकवतील, तेवढं सोपं त्यांनी केलं नाही. तिसऱ्या दिवशी ओसरीवर बोलावलं. "तुला काय वाटलं," त्यांनी विचारलं, "मी माझ्या पोरीला दगड मारले असते?" मग स्वतःच पुढे म्हणाले, "मी त्या पानाशी भांडलो असतो. तुला पुढचं वाचायला लावलं असतं, आणि पुढचं. आठ दिवस उपाशी बसलो असतो. किंवा कदाचित तिला त्या म्हाताऱ्याकडे पाठवलं असतं, आणि जन्मभर ते घेऊन बसलो असतो. काय केलं असतं ते मला आता कधीच कळणार नाही. तुझं काम होतं, आहे ते सांगणं. पुढचं मी आणि देवानं बघून घेतलं असतं." ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांच्या त्या शांतपणानं मला ती गोष्ट सांगायला लावली, जी मी त्यांना कधीच सांगणार नव्हते.

मी दहा वर्षांची होते. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र चाललं होतं. मंडळीच्या अध्यक्षानं एकाच बायकोचा नवरा असावं, असं मी वाचलं, बोट फिरवत, सुंदर, न अडखळता. बाबांना त्याच महिन्यात ज्येष्ठ करायचं चाललं होतं. तुझी आजी त्यांची पहिली बायको. दुसरी माझी आई. ती अंगणात मासे साफ करत होती आणि माझा आवाज ऐकून तिचे हात थांबले, ते मी पाहिलं. आठवड्याभरात बाबांनी तिला आपली सगळ्यात चांगली होडी दिली, हंगामाचा सगळा कसावा दिला, आणि तिच्या भावांकडे पोचवून आले. सगळी वाट रडत गेले म्हणतात. मला ठेवून घेतलं, कारण मला वाचता येत होतं. पुढच्या पावसाळ्यात ती तिथेच वारली. तुझ्या आजीनं मला पोटच्यासारखं वाढवलं, हे तुला सांगायला नको. पण मी बाबांना म्हणाले, "एकदा मी खरं वाचलं आणि माझी आई गेली. अनेसीच्या वेळी खरं वाचायला माझी जीभ उचलली नाही."

मांडवावर बसलेला कावळा खाली उतरून मासा घेऊन गेला आणि आम्ही दोघांनी त्याला नुसतं बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "आणि ते? ते तरी तिथे छापलेलं होतं का?" मी म्हटलं, "होतं, बाबा. ते होतं." ते म्हणाले, "तू म्हणतेस."

तावोंगा, मला तोवर वाटत होतं की मी त्या पुस्तकातलं एक वाक्य बिघडवलं. त्या दोन शब्दांनंतर कळलं की मी त्यांच्याकडून सगळं पुस्तकच काढून घेतलं आहे. त्यांनी त्यातलं जे जे ऐकलं, ते माझ्या तोंडून. आता ते एकेक आठवतात आणि विचारतात. परवा म्हणाले, "ती बाई, जिच्याभोवती माणसं दगड घेऊन उभी होती, आणि प्रभू वाकून बोटानं जमिनीवर लिहीत होता. ती आहे का? की तीही तूच?" मी म्हटलं, आहे बाबा, योहानाच्या आठव्या अध्यायात आहे, देवाशपथ आहे. त्यांनी मान हलवली, जशी आजारी माणसानं समजूत घालणाऱ्यापुढे हलवावी. पाळक येऊन वाचून गेले. बाबांनी त्यांचे आभार मानले, आणि ते गेल्यावर म्हणाले, "भला माणूस आहे. भल्या माणसाला दया येते. तुलाही दयाच आली होती." सकाळी ओसरीवर बसतात, पुस्तकाशिवाय. गुडघ्यावर त्यांचं बोट आपोआप सरकत असतं, डावीकडून उजवीकडे, आणि ओळ संपल्यासारखं परत मागे येतं.

तू ईस्टरला आली होतीस तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांच्या मानेच्या गाठीला सूज म्हटलं. तुझ्या आईनं, मी, पाळकांनीसुद्धा. तू त्यांच्यापुढे उकिडवी बसलीस, गाठ चाचपलीस आणि म्हणालीस, "आजोबा, ही उतरणार नाही. पुढचा पावसाळा दिसेल असं मला वाटत नाही." तुझी आई दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही आणि मी तुला दगडाच्या काळजाची म्हणाले. त्याची माफी आत्ता मागते. काल त्यांनी विचारलं, "तावोंगा कधी येते?" मी म्हटलं, नाताळला. "तोवर मी थांबणार नाही. तिला आत्ता बोलाव. तिनं मला गाठीचं तोंडावर सांगितलं. ती वाचेल." म्हणून लिहिते आहे. दवाखान्यातून रजा मिळाली तर गुरुवारच्या पिकअपनं ये, म्झुझूहून सकाळी निघालीस तर दुपारपर्यंत घाट उतरशील. पुस्तक त्याच कापडात आढ्याच्या फळीवर आहे, मी त्याला हात लावलेला नाही. मला वाटतं, ते आधी तीमथ्याचं पत्र मागतील. माझ्यासाठी त्यातला एक शब्दही गिळू नकोस. मग आवाज उरला असेल तर योहानाचा आठवा अध्याय वाच. त्यांचं बोट तुझ्या बोटाला लागेल, दचकू नकोस. आणि मध्येच दया आली, येईलच, तर थांब, पाणी पी, आणि त्याच शब्दापासून पुढे वाच. त्यांना हे तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मी तेव्हा खाली किनाऱ्यावर असेन, जिथून ऐकू येत नाही.

तुझीच,
तोवेरा मावशी